राखणदाराचा कौल आणि समईची धग

त्या रविवारी सकाळी राखणदाराच्या, म्हणजे गावाचे रक्षण करणाऱ्या देवाच्या, घुमटीपुढे उभे राहायलाही जागा उरली नव्हती. पार केरी-मांद्र्याहून माणसे आली होती. काळ्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, देवापुढे प्रश्न ठेवायचा. उजवी पाकळी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. ही कौलाची रीत आमच्या डिचोली तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मात्र नव्याने आलेल्या अनंत महाराजांच्या हाती देव कधी अडखळत नसे. ते सांगतील त्याच बाजूची पाकळी गळे. मीही भक्तिभावाने हात जोडून उभा होतो, हे लपवीत नाही.

प्रश्न शेवंतीच्या काजूच्या बागेचा होता. तिचा पती सगुण दोन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून तिचा दीर विठ्ठल म्हणू लागला, की दोघांच्या जमिनींमधली मेर, म्हणजे हद्द, झरीच्या पलीकडे शेवंतीच्या बाजूला आहे. म्हणजे झरी आणि निम्मी बाग त्याची. पंच गोकुळदास यांच्या सल्ल्याने शेवंतीने सरकारी मोजणीसाठी अर्ज केला होता. शुक्रवारी मोजणीदार येणार होते. त्याआधीच विठ्ठलाने महाराजांना आणले. अर्ज मागे घेत असल्याचा कागदही लिहून तयार होता. केवळ तिची सही उरली होती.

"बागेची मेर झरीपलीकडे आसा काय?" महाराजांनी देवाला विचारले. मग त्यांनी भली मोठी समई पाषाणाच्या उजवीकडे सरकवली आणि मंडपातला पंखा बंद करवला. देवाला वारा सोसत नाही, म्हणे. थोड्याच वेळात उजवी पाकळी गळली. गर्दीतून एकच हुंकार उठला.

"बाये, देव बोललो. आता सही कर," महाराज म्हणाले.

शेवंतीने कागद पुढे ओढला. "ती झाडां माज्या घोवान लायलेली," एवढेच ती पुटपुटली आणि तिने लेखणी उचलली.

त्या वेळी शाळेतल्या सुविधाबाई पुढे आल्या. मागचे दोन कौलही त्यांनी नीट पाहिले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "महाराज, हाच प्रश्न पुन्हा विचारूया. समई तेवढी डावीकडे ठेवा."

"देवाची परीक्षा घेतंस?"

"देवाची नव्हे, समईची. देवाला वारा सोसत नाही, मग धग कशी सोसते?"

कोणीतरी हसले. महाराज म्हणाले, की अशाने राखणदार कोपेल, गावावर अरिष्ट येईल. तेव्हा गोकुळदासांनी स्वतः समई उचलून डावीकडे ठेवली आणि नव्या पाकळ्या लावून तोच प्रश्न विचारला. थोडा वेळ गेला. डावी पाकळी गळली. प्रश्न तोच, देव तोच, आणि उत्तर उलटे.

सुविधाबाईंनी पाषाणावर बोट ठेवून दाखवले. पाकळीला धरून ठेवते ते पाणी. ज्या अंगाला ज्योतीची धग, तिथले पाणी आधी सुकते. पंखा फिरता ठेवला तर धग पसरून जाते, म्हणून तो बंद.

महाराज केव्हा निघून गेले, कोणाच्या ध्यानातही आले नाही. गोकुळदासांनी तो बिनसहीचा कागद घडी घालून शेवंतीच्या हाती दिला.

शुक्रवारी मोजणी झाली. पालापाचोळ्याखाली जुना सर्वेचा दगड सापडला. झरी शेवंतीची ठरली. परंतु सगुणने लावलेली सात झाडे विठ्ठलाच्या हद्दीत निघाली. तिने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले, मग पंचनाम्यावर सही केली. विठ्ठलानेही केली. दोन्ही घरांचे बोलणे मात्र अजून बंद आहे, आणि ते कोणत्याही मोजणीने सुरू व्हायचे नाही.

माझी देवावरची श्रद्धा तशीच आहे. म्हणूनच विनवितो: त्याला आपल्या मेरा ओढायला लावू नका. त्यासाठी पंचायत आहे, नकाशा आहे, मोजणीदार आहे. तिथे उशीर होईल, खेटे पडतील. पण समई कोणत्या बाजूला आहे, ते पाहून तिथला दगड हलत नाही.