खिळ्यावरची किल्ली

तुकडा लाल होता, नखाएवढा, आणि एका कडेने इतका धारदार की ॲप्रनच्या खिशात सकाळपासून तो तिच्या बोटाला टोचत होता, तरी टाकवत नव्हता. जाऊबाईंच्या गाडीच्या मागच्या दिव्याचा तुकडा. काल गाडी मागे घेताना प्रयोगशाळेच्या फाटकाचा खांब लागला, तेव्हा आवाज फारसा झालाच नव्हता.

दुसरं करणार तरी काय होती ती? घरोघर जाऊन घेतलेले रक्ताचे नमुने थंड पेटीत, ते न्यायला येणारी प्रयोगशाळेची गाडी वाटेत पंक्चर, स्वतःची गाडी गॅरेजात — आणि जाऊबाई कुणाची तरी मापं घ्यायला गेलेल्या, फोन उचलेनात. दाराजवळच्या खिळ्यावर किल्ली होती. घेतली. विचारायचं राहिलं.

आणि न विचारता घेण्यावरूनच तर दोन वर्षं दोघींच्यात धड बोलणं नव्हतं! जाऊबाईंची कापड कापायची कात्री घेऊन हिने नमुन्यांची लेबलं कापली होती. कागद कापून कात्रीची धार जाते हे हिच्या गावीही नव्हतं. "माझ्या वस्तूला हात लावण्याआधी विचारत जा," एवढंच जाऊबाई म्हणाल्या, आणि कात्री कुलपाच्या खणात गेली. तेव्हापासून ही त्यांच्याकडे साधी सुई मागायलाही जात नसे. मोठी मानी!

काल फुटका दिवा पाहूनही जाऊबाईंनी रागाचा शब्द काढला नाही. "विमावाल्यांना कळवते," म्हणाल्या आणि मशीनवर बसल्या. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी हिने आपल्या विमा कार्यालयात फोन लावला होता. माझ्या गाडीचा विमा आहे, मग मी दुसऱ्याची चालवली तर तो चालेल ना? पलीकडचा बाप्या हसला. "ताई, विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही. त्या गाडीचाच विमा बघावा लागेल. लायसन्स आहे ना तुमच्याकडे? मग काळजी नको. मालकाच्या परवानगीने नेली होती का, तेवढं विचारतील फक्त."

तेवढं फक्त!

आता जाऊबाईंच्या विमा कंपनीचा तपासणीस अंगणात वाकून दिव्याचे फोटो काढत होता, आणि ती दाराला टेकून उभी होती. जाऊबाई नाही म्हणाल्या तर... खोटं थोडंच होईल ते? खरंच सांगतील त्या. पण मग या घरात आपण कोण? न विचारता उचलणारी. एवढी वर्षं राहून एवढंच.

"गाडी तुमच्या परवानगीने नेली होती का?" तपासणीसाने कागदावर पेन टेकवत विचारलं.

जाऊबाईंच्या गळ्यात मापाची टेप लोंबत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"किल्ली खिळ्यावर असते," त्या म्हणाल्या. "घरातल्या कुणीही न्यावी म्हणूनच असते. वेगळं काय विचारायचं?"

तपासणीसाने 'हो'वर खूण केली. तिचा जीव भांड्यात पडला, आणि मागोमाग डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र दिव्यासाठी नव्हतं. कात्री कुलपात गेली, सुईदोरा मागणंही सुटलं. किल्ली मात्र दोन वर्षं त्याच खिळ्यावर होती, येता-जाता तिच्या खांद्याला लागत होती. दिसली कशी नाही आपल्याला?

तपासणीस गेला. काहीतरी बोलायला हवं होतं.

"वहिनी, मी..."

"कात्रीचं मी विसरलेले नाही हं," जाऊबाई आत वळता वळता म्हणाल्या.

तिला हसू फुटलं — आधी थोडंसं, मग आवरेना, अंगणात एकटीच हसत उभी राहिली. आतून मशीनचा आवाज सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. त्याही हसताहेत की काय? कळायला मार्ग नव्हता. खिशातला तुकडा अजून टोचत होता. तिने तो मुठीत धरला आणि तशीच आत गेली, काय बोलायचं ते न ठरवता.