बोळावरची खोली

बँकेनं आमचं गृहकर्ज मंजूर केलं आणि वर एक अट घातली. घराच्या व्यवहाराचा वकील त्यांच्या यादीतलाच हवा.

आमच्या घरात वकील म्हणजे बॅराक्लफ. माझ्या आजोबांचं मृत्युपत्र त्यांनी केलं, वडिलांच्या घराचे कागद त्यांनी केले आणि माझ्या लग्नात नको इतकं लांब भाषणही त्यांनीच केलं. पण ते एकटे काम करतात, आणि एकट्या वकिलाला ही बँक यादीत घेत नाही.

"वाईट वाटून घेऊ नकोस, थर्झा," ते म्हणाले. "मी पडलो एकटा माणूस. बँकेला मोठं ऑफिस लागतं."

मग यादीतली फेलिसिटी आली. आली म्हणजे फोनवर. ती बसायची बर्मिंगहॅमला. यॉर्कशरच्या डोंगरउतारावरची आमची दगडी घरांची ओळ तिनं पाहिली नव्हती आणि पाहायची तिला गरजही वाटत नव्हती. माझा तिच्यावर पहिल्यापासूनच राग होता. तिसऱ्या फोनला तिनं विचारलं, "ती छोटी बेडरूम कशावर आहे?"

"कशावर म्हणजे?"

"तिच्या खाली काय आहे?"

"बोळ. मागच्या अंगणात जायचा."

"बोळ कुणाचा?"

बोळ कुणाचा असतो? मी जन्मभर अशा बोळांतून कोळशाच्या गोण्या आणि सायकली जाताना पाहिल्या. ते कुणाचे, असा विचार कधी डोक्यात आला नव्हता.

"तुमच्या घराच्या नकाशातली मालकीची लाल रेघ जिन्याच्या भिंतीशी थांबते," फेलिसिटी म्हणाली. "ती खोली रेघेच्या बाहेर आहे."

"अहो, घरातच आहे ती. मी स्वतः आत उभी राहिलेय."

"उभं कुठेही राहता येतं. आणि हे मला बँकेला कळवावं लागेल."

"तुम्ही माझ्या वकील ना?"

"तुमचीही आहे आणि बँकेचीही."

रॉय, माझा नवरा, शेजारी बसून ऐकत होता. "म्हणजे फी आपण द्यायची आणि चहाडीही आपलीच," तो म्हणाला.

पण बँक मागे फिरली तर घर जाणार होतं, आणि त्या भागात आमच्या ऐपतीतलं दुसरं घर नव्हतं. तीन वर्षं आम्ही मासे तळायच्या दुकानाच्या वर राहत होतो. आमचे टॉवेलसुद्धा तेलकट वास मारायचे. मला ते घर हवं होतं. आणि खरं सांगायचं तर आता नुसतं घर नको, त्या खोलीचं कोडंही सुटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी घर विकणाऱ्या क्रॅबट्रींकडे गेले. ऐंशीचे गृहस्थ, बायको गेलेली. घर विकून मुलीकडे राहायला निघाले होते. छोट्या खोलीची शेजारघराकडची भिंत मी बोटांनी ठोकत गेले. मध्ये दाराएवढा भाग वेगळा वाजला.

"टरबूज घेतेयस की घर?" क्रॅबट्री दारातून म्हणाले.

"इथे काय होतं?"

"दार होतं. शेजारच्या शॅकल्टनांकडून यायचं. खोली त्यांचीच. आमची तिसरी झाली तेव्हा शॅकल्टनांच्या म्हातारीनं दिली. रविवारी तिकडचं दार बुजवलं, इकडचं फोडलं. संध्याकाळी पाळणा आत."

"दिली म्हणजे कायमची?"

"म्हातारी म्हणाली, पोरीला होऊ दे. एवढंच."

"कागद?"

"कागद कशाला? सगळ्यांना माहीत होतं."

सगळ्यांना म्हणजे बॅराक्लफनाही. मी विचारलं तर म्हणाले, "हो, माहीत होतं की. म्हणून तर मी विचारलंच नसतं." आणि पन्नास वर्षं वापरली म्हणून खोली क्रॅबट्रींची होत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. संमतीनं वापरलेली वस्तू देणाऱ्याचीच राहते. म्हणजे मला कुणाची तरी खोली विकली जात होती, आणि हे उमगलं होतं फक्त त्या बाईला, जिला आमच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं.

आता मालकीण होती त्या म्हातारीची सून, एडना शॅकल्टन. वय अठ्ठ्याहत्तर, एकटी. तिनं मला दारातच उभं केलं, खोली आमच्या नावावर करून द्याल का, हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "विचार करते. माझा वकील बॅराक्लफ."

तिला कुठलं कर्ज घ्यायचं नव्हतं, त्यामुळे तिला यादीही नव्हती. मी खुशीत बॅराक्लफकडे धावले. घरचाच माणूस.

त्यांनी मला बससुद्धा म्हटलं नाही. "थर्झा, आता मी एडनाचा वकील. तुझ्या वकिलांनी माझ्याशी बोलायचं, तू नाही."

"माझ्या लग्नात भाषण केलंत तुम्ही!"

"केलं. आणि एडनाला मी सांगितलंय, सही करू नका."

रस्ताभर मी त्यांना शिव्या घातल्या. चिडले होते, आणि मनातून घाबरलेही होते.

आठवड्यानं एडनाचा निरोप आला. खोली बघायची आहे, आणि बरोबर फक्त मीच हवी. क्रॅबट्री खाली स्वयंपाकघरात थांबले. एडना जिना चढून वर आली आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली. मग भिंतीच्या कागदाचा सुटलेला कोपरा तिनं नखानं ओढला. आत पिवळा रंग होता.

"मी दिला होता," ती म्हणाली. "बाळासाठी. सासूनं सात वर्षं वाट पाहिली. मग एका रविवारी मी चर्चमधून घरी आले, तर दार नव्हतं."

"तुम्हाला विचारलं नाही कुणी?"

"कशाला विचारतील? त्यांचं मूल रडायचं ते मला भिंतीतून ऐकू यायचं. मी कधी काही म्हटलं नाही." ती माझ्याकडे वळली. "तुझं मूल झोपणार इथे?"

हो म्हणावं, असं मनात आलं. एका शब्दात काम झालं असतं.

"नाही," मी म्हटलं. "आम्हाला झालं नाही. आता होणारही नाही. रॉय त्याचं अकॉर्डियन ठेवणार आहे."

"वाजवतो?"

"तो तसं म्हणतो."

"भिंतीपलीकडे मी आहे म्हणून सांग त्याला." ती पलंगाच्या काठावर टेकली. मीही शेजारी बसले. मग ती म्हणाली, "देते. बॅराक्लफला सांगते, किंमत रीतसर लाव. फुकट एकदा दिली गेलीय ती."

सही बॅराक्लफच्या ऑफिसात झाली. बोळाच्या भिंती कुणी सांभाळायच्या, छत कुणी, सगळं लिहून. मी फेलिसिटीला फोन लावला. तिचा एक प्रश्न राहिलाच होता.

"मालकिणीला सगळं समजावून, त्यांना विचारूनच झालंय ना हे? बँकेला तसं कळवायचंय मला."

एडनानं हात पुढे केला. "दे इकडे."

तिनं फोन कानाला लावला. "मी एडना शॅकल्टन. कळवा बँकेला. विचारलं मला. पन्नास वर्षांनी, पण विचारलं."