हळद्याची आमटी

नागम्मा उखळात शेंगाचटणी कुटायला बसली की सिद्धेश्वरी पुस्तक घेऊन तिच्यासमोर बसायची. नागम्मा तिच्या आईची थोरली बहीण, म्हणून तिची दोडव्वा. नवरा गेल्यावर ती दुधनीहून शुक्रवार पेठेत यांच्याकडे राहायला आली. तिला वाचता येत नव्हतं आणि पुस्तकातली मराठी जड जायची. म्हणून सिद्धेश्वरी पानावर बघत बघत निम्म्या कानडीत, निम्म्या मराठीत गोष्ट सांगायची.

'सप्तकुंड' ही मांत्रिकांच्या शाळेची मालिका होती. त्या शाळेचा आचारी हळद्या म्हणजे नागम्माचा जीव. मंत्र विसरलेला म्हातारा मांत्रिक, पोट सुटलेलं, बोटं कायमची पिवळी. मुलं त्याला चिडवायची आणि भूक लागली की त्याच्याकडेच धावायची.

चौथा भाग सगळ्यांत सरस, असं वर्गात सगळेच म्हणत होते. सिद्धेश्वरीने तो आदल्या दिवशीच एकटीने वाचून संपवला होता. त्यानंतर ती जेवली नव्हती.

आज गोष्ट मिठाच्या दारापर्यंत आली. दार बंद होत चाललं होतं, मुलं आत अडकली होती, आणि हळद्याने ते पाठीने रेटून धरलं होतं.

"मग?" मुसळ हवेतच थांबलं.

"मग पोरं बाहेर पडली. हळद्यापण. मागं खिडकी होती की."

"एवढं पोट घेऊन?"

"मोठी होती खिडकी, दोडव्वा."

खिडकीबद्दल ती बरंच बोलली. मुलांनी हळद्याला खांद्यावर घेतलं, शाळेत वाजतगाजत आणलं. नागम्माने मुसळ भिंतीला टेकवलं.

"पान उलटलं न्हाईस."

"अं?"

"दार आल्यापास्नं पुस्तकाकडं बघितलंबी न्हाईस. गेला व्हय गं तो?"

सिद्धेश्वरीने मान खाली घातली. "तू रडशील म्हणून..."

"तुझे काका गेले तवा सगळे असंच म्हणाले. बरं हाय, सलाईन लावलंय. गाडीत बसताना मी त्यांच्यासाठी भाकरी बांधून घेतली होती. दवाखान्यात ती पिशवी कुणाच्या हातात द्यावी, कळंना मला." नागम्माचा आवाज चढला नव्हता. "तू तरी असं करू नकोस. न्हाईतर ठेव ते पुस्तक. मी टीव्ही लावते."

ती खरंच उठायला लागली. ती उठली असती, तर पुन्हा पुस्तकासमोर बसली नसती. हे सिद्धेश्वरीला ठाऊक होतं.

"बस ना. सांगते."

तिने तेच पान समोर धरलं. त्यावर बोट ठेवून, एकेक ओळ कानडीत आणत ती सांगू लागली. हळद्याचे पाय मिठात रुतत गेले. शेवटचं मूल बाहेर पडलं. आता तो त्यांना काही मंत्र देणार, असं मुलांना वाटलं. पण हळद्या ओरडला, "पळा! आणि कुणीतरी आमटी उतरवा, करपंल!"

दार लागलं.

नागम्माला हसू फुटलं आणि हसता हसताच रडू आलं. हाताला तिखट होतं म्हणून तिने डोळे कोपराच्या वरच्या बाजूने पुसले.

"बघ की," ती म्हणाली, "हे मला देणारच न्हवतीस तू."

सिद्धेश्वरीही नाक पुसत हसली. थोड्या वेळाने मुसळ परत सुरू झालं, आधी हळू, मग नेहमीसारखं.

"उतरवली का गं पोरांनी आमटी?"

"उतरवली असेल की. आठवत नाही."

"असेल न्हवं. बघून सांग."

सिद्धेश्वरीने पान उलटलं.