आईने सोडलेला पट्टा

दाराआडच्या खिळ्याला टांगलेला जाड कातडी पट्टा दिसतोय ना, मित्रांनो? तो मीच. वजन उचलणारी माणसं कमरेला आवळून बांधतात, त्यांतला. माझ्या कडा घामाने काळ्या पडल्या आहेत, पण शिवण अजून एका जागी उसवलेली नाही.

ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने कातडं दुहेरी ठेवून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलं. शेवटचं भोक पाडून तो म्हणाला, "हा माणसापेक्षा जास्त टिकेल." त्याने कौतुकच केलं होतं. मला मात्र ते ऐकून कसंसंच झालं.

मला विकत घेतलं ताईने. ती व्यायामशाळेत बायकांना वजनं उचलायला शिकवायची. मी तिच्या कमरेला असलो की बायका म्हणत, "ताई, तुमची पाठ आहे की खांब?" ते ऐकून मीही फुगायचो.

घरी तिची आई खाटेला खिळलेली होती. लकव्याच्या झटक्याने तिचं अर्धं अंग गेलं होतं. रोज सकाळी ताई तिला उचलून खुर्चीत बसवायची. आई तिच्या गळ्यात चांगला हात टाकून म्हणायची, "एकेकाळी मी तुला उचलायचे. देवाने ते फेडून घेतलं बघ तुझ्याकडून."

मग एकदा काय झालं, तर साधी पाण्याची बादली. ताईने ती वाकून, वळून उचलली आणि तिथेच बसली. मणक्यातली गादी सरकली होती.

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी समजावलं, "व्यायाम सोडू नका, पद्धत बदला. आधी पाठीवर पडून एक हात, एक पाय हवेत हलवा. मग पाठीला काठी लावून वाका. डोकं, पाठ आणि माकडहाड काठीला टेकलेलंच राहिलं पाहिजे. वाकायचं ते खुब्यातून. वजन त्यानंतर, तेही हलकं. कळ पायात उतरली की थांबा. आणि पाय बधिर झाला, पंजा उचलेना, तर तडक दवाखाना गाठा."

घरी येऊन ताई भावाला म्हणाली, "दादा, पाळण्यातली पोरं करतात तो व्यायाम दिलाय मला."

"मग खुळखुळा आणू का?" दादा म्हणाला.

दोघं हसली. ताईने थोडे दिवस नेम पाळलाही. पण मित्रांनो, नेम मोडायला एकच सकाळ पुरते. दादा पहाटेच बेकरीत कामाला जायचा. आईला उचलणार कोण? ताईने मला हातात घेतलं. "पट्टा आहे ना, मग कसली काळजी."

हे मात्र खरं नव्हतं. मी पाठ सांभाळत नाही. श्वास भरलेल्या पोटाला दाबायला मी फक्त एक भिंत देतो. सरकलेली गादी मी कशी धरणार? मी एक भोक पुढे आवळला गेलो आणि माझ्याखाली डाव्या अंगाला काहीतरी वळवळू लागलं, पालीच्या तुटलेल्या शेपटीसारखं. ते रोज वळवळायचं. मी रोज आणखी घट्ट होत गेलो.

मग एके दिवशी सगळं थांबलं. ना कळ, ना वळवळ. "सुटले बाई एकदाची," ताई म्हणाली. देवापुढे दिवा लागला. मला ती शांतता आवडली नाही.

त्याच संध्याकाळी तिची एक चप्पल जिन्यातच राहिली. ती तशीच घरभर फिरत होती, तिला पत्ताच नव्हता.

दादा म्हणाला, "दुसरी काय कपाटात जपून ठेवलीस?"

पुन्हा दोघं हसली. आई हसली नाही. पडून पडून तिला घरातली सगळी पावलं कानांनी ओळखता यायची.

दुसऱ्या सकाळी ताई खाटेशी वाकली. आईचा हात नेहमीसारखा वर आला, पण गळ्यात पडला नाही. तो माझ्या बकलावर आला.

"आज मला उचलू नकोस."

"अगं, आता दुखत नाही मला."

"म्हणून तर. तुझा एक पाय जमिनीवर फट् करून आपटतोय. पंजा वर कर बघू."

ताईने डावा पंजा उचलू पाहिला. तो जागचा हलला नाही.

"माझा पाय गेला ना, तेव्हाही काही दुखलं नव्हतं," आई म्हणाली, आणि तिने एका हाताने मला सोडवलं.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "कळ गेली ती बरं होऊन नव्हे. दबून दबून शीर मुकी झाली होती." पाय परत आला. अंगठा अजून झोपलेलाच आहे. ताई आता काठी पाठीला लावून वाकते, रोज, न चुकता, कुणाला दाखवायला नव्हे.

आईला आता दादा उचलतो, बेकरीत दुपारची पाळी मागून घेतली आहे त्याने. आज सकाळी त्याने मला खिळ्यावरून काढलं.

ताई म्हणाली, "आधी काठी घेऊन वाकून दाखव."

"उद्यापासून. जरा आखडलंय, पट्टा बांधला की झालं."

त्याने मला आवळलं. माझ्याखाली डाव्या अंगाला तीच शेपटी वळवळली.

मित्रांनो, घरच्यांशी मला बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. घरात कुणी मला बांधत असेल, तर माझ्या भरवशावर राहू नका. त्याला वाकायला शिकवा. दुखणं बोलतं तोवर त्याचं ऐका. आणि ते अचानक गप्प झालं, तर त्या माणसाच्या पायांकडे बघा.

मला पुन्हा खिळ्याला अडकवून दादा जिना उतरतो आहे. आई खुर्चीत डोळे मिटून बसली आहे. ती झोपलेली नाही, जिन्यातली पावलं ऐकते आहे.