नऊ मिनिटांचा सत्कार

मी एसटीत कंडक्टर आहे, शिरूर डेपोला. वेळेच्या बाबतीत माझं डोकं लवकर तापतं. थांबा सोडून मध्येच कुणी हात केला तर मी बेल मारत नाही, मग तो पाहुणा असो की पुढारी. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी सासऱ्यांना, आबांना जे बोलले ते कुठून आलं हे कळेल.

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मला ट्रायथलॉनचं खूळ लागलं. आधी पोहायचं, पाण्यातून निघून सायकलवर बसायचं, सायकलवरून उतरून पळायचं, आणि हे सगळं एका दमात. इनामगावला घोड नदीवर दर डिसेंबरात होते ती अर्ध्या अंतराची. दोन किलोमीटरला थोडं कमी पोहणं, मग यवतपर्यंत जाऊन परत अशी नव्वद किलोमीटर सायकल, शेवटी नदीकाठानं एकवीस किलोमीटर पळणं. सकाळी सातला सुटायचं आणि दुपारी साडेतीनच्या आत पोचायचं. एक सेकंद वर गेला तरी यादीत नाव नाही. इनामगाव माझं माहेर, पाठीला डबा बांधून तिथल्याच विहिरीत मी पोहायला शिकले. सायकलचा रस्ता तर माझ्या गाडीचाच, त्यातले खड्डे मला पाठ आहेत. म्हटलं, यात अवघड ते काय?

पहिल्या वर्षी कळलं काय ते. एकोणिसाव्या किलोमीटरला वेळ संपली आणि आयोजकांच्या गाडीनं मला उचललं. डेपोत महिनाभर चेष्टा झाली की कंडक्टरबाईंना फुकट प्रवास घडला. मी पण हसले सगळ्यांबरोबर, पण ते आत कुठंतरी रुतून बसलं. यंदा काही झालं तरी त्या यादीत नाव लागलंच पाहिजे, एवढंच मला पाहिजे होतं.

माझा नवरा महेंद्र रांजणगावला कंपनीत फिटर आहे. त्यानं कुठं किती वाजता असायचं याचा हिशोब पुठ्ठ्यावर लिहून सायकलच्या हँडलला चिकटवला. त्या हिशोबानं मी तीन पंचविसाला पोचणार होते. हातात पाच मिनिटं शिल्लक.

पोहणं छान झालं. पाणी गार होतं, पण नदी ओळखीची. सायकलवर तर मी खुशीत होते. उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकले तेवढंच, बाकी यवतला वळसा घालून परत निघाले तेव्हा पुठ्ठ्याच्या एक मिनिट पुढंच होते. थांब्याथांब्यावरची माणसं ओळखून ओरडत होती, "बाई, आज गाडी कुठं ठिवली?"

आमचं सासर पारगावच्या अलीकडं, भीमेचा पूल यायच्या आधी. जाताना वाडीच्या फाट्यावर काहीच नव्हतं, येताना मला लांबूनच मांडव दिसला. कुणाचं तरी लग्न असेल म्हणून मी कडेनं काढायला लागले, तर साठ-सत्तर माणसं रस्त्यातच उभी. मधोमध माझे सासरे साहेबराव, पांढऱ्या सदऱ्यात, हातात विहारातला माइक.

"आबा, बाजूला व्हा," मी ओरडले, "टाइम चाललाय माझा."

"दोनच मिनिटं," आबा माइकवरूनच म्हणाले.

आबांची दोन मिनिटं मला माहीत आहेत. दौंडला रेल्वेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस, पण माइक हातात आला की वेळापत्रक विसरतो. तरी कडेनं निघून जायला मला जमलं नाही. शहात्तर वर्षांचे सासरे, त्यांच्यामागं सगळी वाडी. त्यांना तसंच सोडून जायचं म्हणजे त्यांचं तोंडच पडलं असतं. मी पाय टेकला.

"मी जवा रेल्वेत लागलो," आबांनी सुरुवात केली, "तवा दौंडला कोळशाची इंजनं हुती."

मी पुठ्ठ्याकडं बघितलं. कोळशाच्या इंजिनापासून माझ्यापर्यंत यायला किती वेळ लागणार, कुणास ठाऊक.

तेवढ्यात मोटारसायकलवरून शर्यतीचा पंच आला, पुण्याचा तरुण पोरगा. मांडव बघून तो गडबडलाच. "मॅडम, बाहेरची मदत घेतली तर तुम्ही बाद होता."

"मदत कुठं हाय," आबा म्हणाले, "सत्कार हाय."

पंचानं मोबाइल काढून नियम वाचायला घेतले. डिंकाचे लाडू लगेच बाद झाले, खाणं म्हणजे मदत. शालीचं मात्र नियमांत काहीच नव्हतं. शाल घेऊन उभ्या असलेल्या वाडीतल्या भागुबाई त्याला म्हणाल्या, "आरं बाबा, या उनात शाल म्हंजी मदत व्हय? ताप हाय नुसता." पंचाला हसू आलं आणि शाल पास झाली. मग आबांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला, हा एवढा मोठा. टाळ्या झाल्या, फोटो झाले, सरपंच उशिरा आले म्हणून पुन्हा फोटो झाले.

घड्याळात बघितलं तर नऊ मिनिटं गेली होती. माझं डोकं सटकलं. हार काढून मी आबांच्या हातात कोंबला.

"वर्षभराची मेहनत बुडवलीत तुम्ही माझी," मी म्हटलं.

माइक चालूच होता. सगळ्या वाडीनं ऐकलं. आबांनी खाली बघत माइक बंद केला आणि माणसांना म्हणाले, "सरा. जाऊ द्या तिला."

पुढचे तीस किलोमीटर मी रागावरच मारले. इनामगावला सायकल टाकून पळायला लागले तेव्हा पुठ्ठ्यापेक्षा आठ-नऊ मिनिटं मागं होते. म्हणजे नेहमीसारखं पळून भागणार नव्हतं. दरवर्षीसारखे नदीकाठचे सात-सात किलोमीटरचे तीन फेरे होते. पहिला फेरा संपताना बघते तर महेंद्रनं आबांना मोटारसायकलवर आणलेलं. आबा कडेला खुर्चीवर बसले होते, मला बघून उठले. मी मान वळवली. दुसऱ्या फेऱ्याला पण उठले. मी पुन्हा बघितलं नाही. पोटऱ्या पेटल्या होत्या आणि राग होता म्हणूनच पाय चालत होते, तो सोडायची माझी तयारी नव्हती.

तिसऱ्या फेऱ्याला खुर्ची रिकामी होती. आबा रस्ता सोडून पार मागं, बांधाच्या पलीकडं जाऊन उभे होते. आपण आडवे येऊ नये म्हणून. ते बघितलं आणि माझा राग तिथंच गळाला. आता कशावर पळायचं हा प्रश्नच होता, पण शेवटच्या कमानीपर्यंत राहिलेलं थोडं अंतर मी कशीबशी पळाले. पाय माझे नव्हतेच.

तीन वाजून एकोणतीस मिनिटांनी मी कमानीखालून गेले. गळ्यात मेडल पडलं. महेंद्र तर माझ्याआधीच रडायला लागला.

आबा बांधाजवळच थांबले होते. मी लंगडत त्यांच्यापर्यंत गेले.

"आबा, सगळ्यांसमोर बोलले, चुकलं माझं," मी म्हटलं. "पण सत्कार हितं शेवटाला का न्हाई ठेवला?"

"मागल्या साली ठिवला हुता की," आबा म्हणाले. "हार घिऊन सकाळधरनं हितंच बसलो हुतो. तू त्या गाडीतनं उतारलीस, कुनाकडं बघितलं न्हाईस आन् गेलीस. मी काय म्होरं आलो न्हाई. म्हनलं, आत्ता हार घातला तर पोरीला आनखी लागंल."

आबा त्या दिवशी इथं होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. महेंद्रला पण माहीत नव्हतं.

"म्हून औंदा वाटंतच घालायचा ठरिवला," ते म्हणाले. "तवर तू नदी पवलेली असतीस, यवतला जाऊन आलेली असतीस. पोच न्हाई तर नको पोचू. तेवढं तर तुझं झालेलं हाय की."

मला रडू आलं, सरळ सांगते. वर्षभर मी त्या न पळालेल्या दोन किलोमीटरचा विचार करत होते आणि आबा पळालेल्या एकोणीसचा. मी तिथंच बांधावर बसले. आबा पण शेजारी बसले.

"आबा," मी म्हटलं, "पुढच्या साली हार हितं शेवटालाच आणा. मी येते."

आबांनी थोडा विचार केला.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"तीन पंचविसाला."