हातचा

भावनानं हजेरीचा कागद सही न करताच टेबलावर परत ठेवला.

"मॅडम, आज शेवटचा दिवस. सही करा, प्रमाणपत्र घ्या," प्रशिक्षक म्हणाले.

"सर, तीन दिवस अपंगत्वाचे प्रकारच लिहून घेतले आम्ही. माझ्या तिसरीतल्या शकुनला ऐकू येत नाही. हातच्याची वजाबाकी तिला कशी शिकवू, तेवढं सांगा."

"पुढच्या बाकावर बसवा. सहानुभूती ठेवा."

दर्यापूरच्या त्या सभागृहात साठेक शिक्षक होते. कुणी खुदकन हसलं. भावनाची कानशिलं तापली.

"सहानुभूतीनं वजाबाकी येते?"

उत्तराची वाट न पाहता तिनं दार उघडलं आणि व्हरांड्यात बसलेल्या दुर्गाबाईला, शकुनच्या आईला, आत बोलावलं. ऐन कापूसवेचणीतला दिवस मोडायला लावून तिनंच तिला सकाळच्या जीपनं आणलं होतं.

"पालकांना परवानगी नाही," प्रशिक्षक म्हणाले.

"मग मलाही प्रमाणपत्र नको."

दुर्गाबाई खुर्चीवर बसली नाही. उभ्यानंच सगळ्यांकडे पाहत राहिली.

"घरी कशी शिकवता, ते सांगा यांना," भावना म्हणाली.

"चिंचोक्यानं. धा झाले का फडक्यात पुडी बांधते पोरगी. बारातून पाच काढाचे असले, अन् सुटे दोनच असले, तं पुडी सोडते. मी हातानं इचारते, ते मान हालवून सांगते."

भावनानं प्रशिक्षकांकडे वळून पाहिलं. त्यांची मान खाली गेलेली तिला हवी होती.

"ऐकलं, सर?"

"यायले काय म्हनता, मॅडम?" दुर्गाबाईचा आवाज एकदम चढला. "हे तं आज भेटले. पोरगी तीन वर्सं तुमच्या वर्गात हाये. मले एक डाव तरी इचारलं तुमी?"

एका खोलीत तीन इयत्ता, खिचडी, शेतकरी कुटुंबांच्या सर्वेक्षणाची दारोदार पायपीट; सगळं भावनाच्या जिभेवर आलं. तिनं ते गिळलं. राग तेवढा उरला, आणि तो आता कुणावर काढावा ते कळेना.

"पुडी कशी सोडते, एकदा दाखवता?" ती कशीबशी म्हणाली.

दुर्गाबाईनं पदर खोचला.

"मी काहून दाखवू? उद्या पोरीलेच इचारा."

आणि जीप निघून जाईल म्हणून ती तरातरा बाहेर पडली.