महादेवाची तहान

सकाळपासून दोनशे घागरी ओतल्या, तरी महादेव काही बुडेना. बहात्तर सालचा श्रावण कोरडा चालला होता, आणि पिंड पाण्यात कोंडली की पाऊस पडतो, असं कळमेश्वरजवळच्या त्या गावात आजे-पणजे सांगत आलेले. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. घोटाभर पाणी चढे आणि बघता बघता आटे.

"देव पिऊन राहिला, लेकहो. दोन सालाची तहान हाय, ओता," पाऊस पाडून देतो म्हणून गावात मुक्काम ठोकलेले बाबा डोळे मिटून सांगत. त्यांची स्वतःची तहान मात्र ताकावर भागत होती.

गाभाऱ्याच्या जाळीआड, कुलपात, पिंडीशेजारी कौसल्या बसली होती; घागरी जाळीतूनच आत ओतल्या जात. दोन वर्षांपूर्वी ती सून म्हणून गावात आली आणि त्याच वर्षी पाऊस गेला. तेवढ्यावरून बाबांनी तिला पांढऱ्या पायाची ठरवलं. पिंड बुडेपर्यंत तिची सुटका नव्हती. बाहेर तिच्या सासूच्या, प्रयागबाईंच्या कडेवर तिचं पाच महिन्यांचं पोर दुधासाठी रडत होतं. रडून रडून त्याचा आवाज बसत चालला होता, आणि इथे हिची चोळी दुधानं भिजली होती. संताप येत होता, पण करायचा कोणावर? सगळं गाव हात जोडून उभं.

पाण्यावर बेलाची पानं तरंगत होती. घागर रिकामी झाली की ती सगळी पिंडीमागच्या एकाच कोपऱ्याकडे जात. देव पीत असेल तर पानं पिंडीकडे जायला हवीत, असं तिच्या मनात आलं. तिनं कोपऱ्यातला दगड सरकवला. खाली मुठीएवढं भोक होतं, आणि कडेला ताजं सिमेंट. नेहमीची मोरी बाबांनी चारचौघांत बुजवली होती. ही दुसरी कोणालाच ठाऊक नव्हती.

तिनं पदराचा बोळा भोकात कोंबला. पाणी चढू लागलं. आता पिंड बुडेल, कुलूप निघेल, पोर छातीशी येईल. पण मग बाबा म्हणतील, बाईचं पाप धुतलं गेलं. पुढच्या गावात दुसरी सून कोंडतील, आणि ही जन्मभर पांढऱ्या पायाचीच राहील. तिनं बोळा ओढून काढला. काढताना तिला रडू फुटलं.

"सिंधूताई," तिनं जाळीजवळ उभ्या असलेल्या शाळेच्या बाईंना हळूच म्हटलं, "मी पाण्यात पूजेचा गुलाल टाकून राहिली. तो कुठं निघते ते पाहा."

देवळामागच्या उतारावर चंपतरावांची संत्र्याची बाग होती. चंपतराव देवस्थानचे पंच, आणि बाबांचा मुक्कामही त्यांच्याकडेच. गावच्या विहिरींनी तळ गाठला तरी बाग हिरवीगार. तीही बाबांचीच कृपा समजली जाई. थोड्या वेळानं तिथून सिंधूताईंची हाक आली. लोक गेले, तर पहिल्याच झाडाच्या आळ्यात लाल पाणी भरत होतं. कुंपणच शेत खात होतं.

"शंकराचं रक्त हाय," बाबांनी सावरून पाहिलं.

"मंग शंकराले चंपतरावचीच बाग काहून सापडली गा?" सिंधूताईंनी विचारलं. दोघांनी फावडं घेऊन हातभर उकरलं, तेव्हा सिमेंटचा पाइप उघडा पडला.

कुलूप प्रयागबाईंनीच दगडानं फोडलं. पोर पदराखाली गेलं आणि गप्प झालं.

"पण आता पाऊस कसा येईन वं?" प्रयागबाई पुटपुटल्या.

"ढग आले तर येईन, आत्याबाई. माह्या पायानं तो गेला नाही, मले कोंडून येणार नाही. देवाले हात जोडा, पण ओतलेलं पाणी जाते कुठं, ते तर पाहात जा." कौसल्येचा घसा कोरडा पडला होता. "मले प्यायले पाणी द्या."

प्रयागबाईंनी घागर उचलली. घरातलं शेवटचं पाणी त्यांनी सकाळीच देवाला पाजलं होतं.